टाकीत पाणी गेलेलं पेट्रोल गाळून चालेल का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या आठवड्याचा भाग इथे लिहून देतोय.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून. राहुरी तालुक्यातला एक श्रोता म्हणतो, "दादा, आमच्या चुलत्यांची मासे धरायची होडी आहे, मुळा धरणाच्या फुगवट्यात. मागं पेट्रोलचं इंजिन लावलंय. परवा जाळी काढायला गेलो आणि मधोमध इंजिन बंद. दोरी ओढून ओढून हात गळाले, चालूच होईना. वल्ही होती म्हणून काठाला लागलो. टाकी कॅनमध्ये रिकामी केली, तर तळाशी वेगळाच थर दिसतोय. वीस लिटर पेट्रोल आहे दादा, दोन हजारांच्या वर पैसे. फडक्यातून गाळून परत वापरलं तर चालेल का?"

उत्तर आधीच सांगतो: नाही चालणार. डिझेल असतं तर बहुतेक वाचलं असतं. पेट्रोल वाचत नाही. असं का, ते समजून घेऊ, कारण त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या उसात आहे.

उसाचा आणि होडीचा काय संबंध?

आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे आपलं नगर, साखर कारखान्यांचा जिल्हा. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात १९५० मध्ये इथेच प्रवरानगरला झाली. कारखान्यात साखरेबरोबर मळी निघते आणि मळीपासून, आता थेट उसाच्या रसापासूनही, इथेनॉल बनतं. हे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायचा प्रयोग देशात २००१ साली सुरू झाला तेव्हा निवडलेल्या ठिकाणांमध्ये आपल्या शेजारचं मनमाड होतं आणि मिरजही होतं. पुढे प्रमाण वाढत गेलं. २०२२ मध्ये दहा टक्के झालं आणि २०२५ पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये सुमारे वीस टक्के इथेनॉल असतं. यालाच ई-ट्वेंटी म्हणतात.

म्हणजे वीस लिटरच्या टाकीत जवळजवळ चार लिटर इथेनॉल. आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. ते पाण्यात किती सहज मिसळतं, हे वेगळं सांगायला नको!

निव्वळ पेट्रोल आणि पाणी एकमेकांत जवळपास मिसळत नाहीत. पाणी जड, म्हणून ते खाली बसतं आणि पेट्रोल वर तरंगतं. इथेनॉल मात्र दोन्ही घरचा पाहुणा. त्याच्या रेणूचं एक टोक पेट्रोलशी जमवून घेतं, दुसरं पाण्याशी. थोडं पाणी आलं तर इथेनॉल त्याला पेट्रोलमध्ये सामावून घेतं. तुम्हाला काही दिसत नाही, इंजिनही कुरकुर करत नाही.

पण या सामावून घेण्याला मर्यादा आहे. दहा टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मावतं, म्हणजे लिटरला पाच मिलिलिटर. वीस टक्केवाल्यात त्याहून थोडं जास्त. गारठा वाढला की ही मर्यादा आणखी खाली येते. मर्यादा ओलांडली की पाहुणा पाण्याच्या घरी निघून जातो. बरंचसं इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं. म्हणूनच टाकीत पाणी कपभर गेलेलं असतं, पण तळाचा थर त्याहून बराच मोठा दिसतो. तो थर नुसत्या पाण्याचा नसतो, पाणी आणि इथेनॉलचा असतो.

मग गाळून का चालत नाही?

कारण बिघाड फक्त खालच्या थरात नाही, वरच्या पेट्रोलमध्येही आहे. इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन वाढलेला असतो. ते निघून गेलं की वर उरतं कमी ऑक्टेनचं पेट्रोल. त्याने इंजिनात ठोके पडू शकतात. शिवाय त्या पेट्रोलमध्ये मावेल तेवढं पाणी आधीच भरलेलं असतं. रात्री हवा गार झाली की त्यातून पुन्हा पाणी सुटू शकतं. फडकं कचरा अडवतं, पेट्रोलमध्ये विरघळलेलं पाणी नाही.

काही जण सांगतात, "थोडं स्पिरिट टाक, पाणी ओढून घेईल." बिनइथेनॉलच्या पेट्रोलच्या काळात ही युक्ती थोडीफार चालायची. आता चार लिटर अल्कोहोल आधीच टाकीत आहे आणि तेच पाण्याकडे गेलंय. आणखी पावशेर टाकून काय होणार?

इंजिन टू-स्ट्रोक असेल तर धोका मोठा. त्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं. दोन थर झाले की ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीतली नळी मात्र तळाजवळून ओढते. म्हणजे इंजिनात आधी जातो तो बिनऑइलचा थर. इंजिन नुसतं बंद पडलं तर नशीब समजा. अडखळत चालत राहिलं तर पिस्टन जाम होऊ शकतो, आणि तो खर्च दोन हजारांत भागत नाही.

डिझेलचं वेगळं का?

डिझेलमध्ये इथेनॉल नसतं. पाणी शांतपणे तळाशी बसतं. टाकीच्या तळाचा नळ उघडून ते काढता येतं. डिझेल इंजिनाला बहुतेक वेळा पाणी वेगळं करणारा फिल्टरही असतो, त्याच्या खालचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी सोडायचं. डिझेल दुधाळ दिसत असेल तर एक दिवस न हलवता ठेवा आणि वरचं स्वच्छ तेवढंच घ्या. पण तळाशी काळी, बुळबुळीत घाण दिसली तर पाणी बरेच दिवस साचलंय आणि त्यात जंतू-बुरशी वाढली आहे. मग टाकी धुऊन फिल्टर बदलल्याशिवाय इलाज नाही.

आता काय करायचं?

आधी पाण्यातलं. इंजिन बंद पडलं की दोरी ओढत बसू नका. प्रत्येक ओढीला तोच खराब थर आत जातो आणि होडी वाहत राहते. आधी नांगर टाका किंवा वल्ही हातात घ्या. लाइफ जॅकेट अंगात असलं पाहिजे, फळीखाली नाही. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेली एसडीआरएफची बोटच उलटली आणि जवानांचे जीव गेले. तिथे कारण पाण्याची ओढ हे होतं, इंधन नव्हे. पण ओढीच्या पाण्यात होडी आपल्या ताब्यात नसली की काय होतं, ते आपण पाहिलंय. सांडव्याजवळ किंवा विसर्ग सुरू असताना इंजिन बंद पडणं म्हणजे तीच वेळ.

मग काठावरचं. टाकी उतरवून मोकळ्या हवेत न्या. बिडी, चूल, मोबाइलचा चार्जर, सगळं लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळात साचून राहते. म्हणून हे काम होडीत बसून करू नका. थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत घेऊन अर्धा तास न हलवता ठेवा. दोन थर दिसले, किंवा सगळंच गढूळ राहिलं, तर टाकीतलं सगळं बाद. टाकी पूर्ण रिकामी करून सुकवा. नळी आणि हातपंपाचा फुगा रिकामा करा. फिल्टर बदला. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू काढून आतलं सोडून द्या. हे जमत नसेल तर मेकॅनिकला सांगा, पण "पाणी गेलंय" हे आधी सांगा. नंतर ताजं पेट्रोल भरा आणि ऑइलचं प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात दिलंय तेच ठेवा.

काढलेलं पेट्रोल टाकायचं कुठे?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. धरणात तर नाहीच. याच मुळा धरणाचं पाणी नगर शहर पितं. बांधावर, गटारात, तण मारायला, चुलीत, कुठेच नाही. घट्ट झाकणाच्या इंधनाच्या कॅनमध्ये भरा, वर "खराब पेट्रोल" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि घराबाहेर सावलीत, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. पाण्याच्या बाटलीत अजिबात भरू नका, कुणीतरी तहानेनं तोंडाला लावतं. गावात ते न्यायला गाडी येत नाही, हे मलाही माहितीये. पण वापरलेलं ऑइल अधिकृत संकलकाला देणारी गॅरेज तालुक्याच्या गावी सापडतात. तिथे आधी विचारा, हेही घेतील का. परवानाधारक कोण आहेत, ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारता येतं.

पुन्हा होऊ नये म्हणून

हवेतला ओलावा पेट्रोल हळूहळू ओढतं, पण एवढा मोठा थर बहुतेक वेळा पावसानेच होतो. झाकण नीट लागलेलं नसतं, हवेचा स्क्रू उघडा राहतो, कॅन उघड्यावर पडलेला असतो, नाहीतर भर पावसात टाकी भरलेली असते. काम झालं की स्क्रू बंद करा आणि टाकी काठावर आणून झाकून ठेवा. लागेल तेवढंच पेट्रोल आणा, कॅनवर तारीख लिहा. होडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. उरलेलं पेट्रोल चांगलं असेल आणि त्यात ऑइल मिसळलेलं नसेल, तर ते गाडीत घालून संपवा.

आणि ज्या मित्राने मेसेज पाठवला त्याला एवढंच सांगतो: दोन हजार गेले, वाईट वाटतं, मला कळतंय. पण ते पेट्रोल परत टाकीत घालून पुढच्या वेळी काठ लांब असताना इंजिन बंद पडलं, तर हिशेब पैशांत होणार नाही. चुलत्यांना हा भाग ऐकव. आणि हो, वल्ही कायम बरोबर असू दे.

तुमच्याकडेही असा काही प्रश्न असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. भेटू पुढच्या भागात!