खर्ज कुठे हरवतो?

मोटारीतील सबवूफर, म्हणजे साधारण ८० हर्ट्झखालील खर्ज ध्वनी देणारा मोठा स्पीकर, क्षीण वाजू लागला की दोष ॲम्प्लिफायरला दिला जातो. परंतु नव्या जोडणीनंतर असे घडले असेल, तर आधी तारांची धन-ऋण जुळणी तपासणेच योग्य ठरते. दोन सबवूफरांपैकी एकाच्या तारा उलट जोडल्यास एकाचा शंकू बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि दोघांच्या ध्वनिलहरी परस्परांना जवळजवळ नाहीशा करतात. ॲम्प्लिफायरपासून सोडवलेल्या तारांना १.५ व्होल्टचा सेल, धनाला धन असा, क्षणभर लावल्यास दोन्ही शंकू बाहेरच सरकले पाहिजेत. सबवूफरमधील ४ ओहमची दोन वेटोळी समांतर न जोडता एकसर जोडल्यास रोध २ ऐवजी ८ ओहम होऊन मिळणारी शक्ती बरीच घटते. मात्र २ ओहमचा भार ॲम्प्लिफायरला पेलतो याची खात्री करूनच ही जोडणी बदलावी.