साहेब गेले, आता पुढे काय?

कॅम्पसला छोटी कंपनी आली की आपण पॅकेज विचारतो, फार तर बॉन्ड विचारतो. "मालक उद्या बाजूला झाले तर कंपनी कोण चालवणार?" हे मात्र कुणीच विचारत नाही. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी मिसळीसारखं मिक्स आहे, सांभाळून घ्या!

संस्थापकाच्या हातात तीन गोष्टी असतात : शेअर्स म्हणजे मालकी, संचालक मंडळातली जागा आणि रोजचा कारभार म्हणजे सीईओपद. छोट्या कंपनीत या तिन्ही एकाच माणसाकडे असतात, म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. पण एक सोडून बाकीच्या ठेवता येतात.

पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टिम्सचंच बघा. डॉ. आनंद देशपांडे यांनी ती १९९० मध्ये सुरू केली. २०१९ मध्ये सीईओपद त्यांनी दुसऱ्याकडे दिलं, अध्यक्षपद स्वतःकडे ठेवलं. आयबीएममध्ये काम केलेले ख्रिस्तोफर ओकॉनर सीईओ झाले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये गेलेसुद्धा! मग २०१९ पासून कंपनीतच असलेले संदीप कालरा सीईओ झाले. दोनदा ड्रायव्हर बदलला, पण गाडी थांबली नाही. २०१९-२० मध्ये उत्पन्न सुमारे ५० कोटी डॉलर होतं, ते २०२२-२३ मध्ये १०० कोटींच्या पुढे गेलं. अर्थात त्या काळात आयटीला मागणीही जोरात होती.

उलट उदाहरण इन्फोसिसचं. तीही १९८१ मध्ये पुण्यातच जन्मली. २०१४ पर्यंत संस्थापकांपैकीच कुणीतरी सीईओ होतं. मग विशाल सिक्का बाहेरून आले आणि नारायण मूर्तींशी झालेल्या जाहीर वादानंतर २०१७ मध्ये राजीनामा देऊन गेले. म्हणजे खुर्ची देणं सोपं, पण नव्या माणसाला निर्णय घेऊ देणं अवघड.

आपल्या उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये काय होतं? कुठल्या गिऱ्हाईकाला काय रेट, कुठला जॉब कसा सेट करायचा, सगळं मालकांच्या डोक्यात. हॉस्टेलवरच्या टेक्निकल क्लबचंही तेच. फायनल इयरवाले पास होऊन जातात आणि पासवर्डसुद्धा घेऊन जातात!

म्हणून पुढच्या इंटरव्ह्यूत "एनी क्वेश्चन्स?" म्हटल्यावर गप्प बसू नका. साहेब महिनाभर रजेवर गेले तर सही कोण करतं, एवढंच विचारा. उत्तर देताना सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर काय ते समजा!