बोट जमिनीवर, टाकी भरलेली

उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सवर ऑक्टोबर लागला की हौशी बोटी पाण्याबाहेर काढायची घाई उडते. थंडीत बर्फ धरतो, म्हणून बोटी क्रेनने उचलून बोटयार्डात आधारांवर उभ्या करतात. या धांदलीत शौचकूपाची टाकी उपसायची राहून जाते. मधल्या आकाराच्या बोटीत ही टाकी साधारण 50 ते 150 लिटरची असते. शिकागो-डेट्रॉइटकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी कुणी नव्याने बोट घेतली असेल, तर पुढचे गैरसमज आधीच दूर केलेले बरे.

‘बोट आता जमिनीवर आहे. बुडाची झडप उघडली की मैला मातीत जाईल, त्याचं खतच होईल.’

कच्चा मैला म्हणजे खत नव्हे. त्यातले जंतू आणि कृमींची अंडी मरायला उष्णता आणि बराच काळ लागतो. शिवाय बोटयार्ड पाण्याला लागूनच असतं. तिथल्या फरशीवरून वाहणारं पावसाचं पाणी बहुधा कोणत्याही प्रक्रियेविना थेट सरोवरात उतरतं. म्हणजे जमिनीवर सोडलेला मैला शेवटी पाण्यातच पोचतो. आणि हेच पाणी लोक पितात. शिकागोचं पिण्याचं पाणी मिशिगन सरोवरातून येतं. शहराचा मैला सरोवरात जाऊ नये म्हणून 1900 साली कालवा खोदून शिकागो नदीचा प्रवाहच उलटवला गेला. एवढं करून राखलेल्या पाण्यात एका बोटीची टाकी सोडणं मला अक्षम्य वाटतं.

कायदाही कडक आहे. अमेरिकेच्या समुद्रकिनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या आत कच्चा मैला सोडता येत नाही. मिशिगन राज्याच्या ताब्यातल्या ग्रेट लेक्सच्या पाण्यात तर 1976 पासून प्रक्रिया केलेलं मैलापाणीही सोडता येत नाही. अशा ठिकाणी टाकीतून बाहेर जाणारी झडप कुलूप लावून, पक्क्या पट्टीने बांधून किंवा दांडा काढून बंद ठेवावी लागते.

‘बोट उंचावर आहे, टाकी आपोआप रिकामी होईल.’

उपसण्याची नळी टाकीच्या वरच्या बाजूने आत शिरून तळाजवळ पोचते आणि डेकवरच्या तोंडाशी उघडते. त्यामुळे बोट कितीही उंचावर असली, तरी मैला आधी टाकीच्या तळापासून डेकपर्यंत ओढून घ्यावा लागतो. पलीकडच्या उताराची मदत त्यानंतरची. बोटयार्डात चाकांवरचा उपसा पंप असतो, नसला तर सेप्टिक टँक उपसणारा टँकर बोलावतात.

इथे खरी मेख हवेच्या नळीत आहे. टाकीतून जेवढा मैला बाहेर येतो, तेवढी हवा आत जायला हवी. बाहेर उभ्या बोटीच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घरटं करते आणि तोंड बुजतं. अशा टाकीला जोरदार पंप लावला तर प्लॅस्टिकच्या भिंती आत चेपतात, सांधे सुटतात. उलट टाकी धुवायला डेकवरून नळाचं पाणी दाबाने सोडलं तर ती फुगून फुटते आणि सगळं बोटीच्या पोटात सांडतं. म्हणून पंप जोडण्याआधी हवेची नळी मोकळी आहे ना, हे बघायचं. हे न बघता पंप सुरू करणाऱ्याला तिथेच थांबवावं.

‘टाकीचा काटा शून्यावर आला, म्हणजे टाकी रिकामी.’

तळाला गाळ राहतोच. हिवाळाभर सुकला की तो थापल्यासारखा घट्ट बसतो, मग वसंतात कोणत्याही पंपाला हलत नाही. उपसून झालं की शौचकूपाच्या भांड्यातून किंवा डेकच्या तोंडातून गोडं पाणी ओतायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं आणि पुन्हा उपसायचं. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करावं.

‘वास येईनासा झाला, आता धोका नाही.’

हा गैरसमज जीवघेणा आहे. हवा न मिळालेल्या मैल्यात जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या शौचकूपात तो अधिक होतो, कारण खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. कुजलेल्या अंड्यासारखा त्याचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभरेक भाग झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास थांबणं हीच धोक्याची खूण असू शकते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचतो. त्याच्या जोडीला पेट घेणारा मिथेनही असतो. म्हणून काम करताना सगळी झाकणं उघडी ठेवावीत, ठिणगी उडेल असं काही जवळ नको आणि टाकीच्या तोंडात डोकं तर कधीच घालू नये.

भारतात सेप्टिक टँकमध्ये उतरलेल्या कामगारांचा जीव हाच वायू घेतो. वाचवायला मागून उतरलेलाही बऱ्याचदा परत येत नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी घातली, तरी हे मृत्यू थांबलेले नाहीत.

‘ब्लीच ओतलं की काम झालं.’

मूत्रातल्या अमोनियाशी ब्लीचचा संयोग होऊन क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो. आधी आम्लाचा क्लीनर वापरला असेल तर क्लोरीन. शिवाय ब्लीचने रबरी झडपा खराब होतात. नळ्यांतला पांढरा थर काढायला व्हिनेगर पुरतं.

शेवटी, नळ्यांत उरलेलं पाणी थंडीत गोठू नये म्हणून गोठणरोधक. मोटारीच्या रेडिएटरमधलं चालेल असं अनेकांना वाटतं, पण त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. बोटींसाठी मिळणारं प्रोपिलीन ग्लायकॉलचं गुलाबी द्रावण घ्यावं आणि ते भांड्यातून पंप, नळ्या आणि टाकीपर्यंत फिरवावं. वसंतात बोट पाण्यात उतरली की हे द्रावणही पंप-आउट केंद्रावरच उपसून द्यायचं, कारण टाकीत गेल्यावर तेही मैलापाणीच.