परिचर्येतील संशोधन : रुग्णशय्येपासून विद्यापीठापर्यंत

दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर वा टाचेवर होणारे शय्याव्रण टाळण्यासाठी त्वचेला स्पिरिट चोळावे की एखादे मलम लावावे, याविषयी एके काळी रुग्णालयागणिक निरनिराळे प्रघात होते. ब्रिटनमधील डोरीन नॉर्टन या परिचारिकेने सहकाऱ्यांसमवेत वृद्ध रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास केला. तो १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. लेप व मलमे यांपेक्षा रुग्णाची कूस वेळच्या वेळी बदलून शरीरावरील दाब हलविणे अधिक गुणकारी, असे त्यातून दिसून आले. शरीरप्रकृती, मानसिक अवस्था, चालण्याफिरण्याची क्षमता, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील नियंत्रण या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यावयाचे आणि बेरीज १४ वा त्याहून कमी आल्यास रुग्णाला धोका आहे असे समजावयाचे, अशी नॉर्टन यांची मोजपट्टी आहे. तिला ना यंत्र लागते, ना प्रयोगशाळा.

परिचर्या-संशोधन म्हणतात ते हेच. डॉक्टरांची फेरी काही मिनिटांत आटोपते. परिचारिका मात्र पाळीभर रुग्णाजवळ असते. साहजिकच काही प्रश्न प्रथम तिलाच दिसतात.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पहिली पायरी होय. जी.एन.एम. झालेल्या परिचारिकांना दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक पदवीचा मार्ग खुला आहे. त्यानंतर सेवेचा अनुभव घेऊन दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. तिच्यात प्रबंध अनिवार्य असतो, आणि पुढे पीएच.डी.कडे वळता येते. महाराष्ट्रात हे शिक्षण प्रामुख्याने १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते.

विद्यार्थिनींना खरी धास्ती वाटते ती संख्याशास्त्राची. शिक्षकांनी ती वेळीच दूर केली पाहिजे. क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची कारणे आकृत्यांतून मांडणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल या लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य होत्या, ही गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते.

मोठी अडचण मात्र पदवीनंतरची आहे. प्रबंध स्वीकृत होतो, ग्रंथालयाच्या कपाटात जातो आणि परिचारिका पुन्हा पाळीवर रुजू होते. ज्या वॉर्डात तिने नोंदी घेतल्या, तेथील कामाची पद्धत पूर्वीचीच राहते. ती बदलण्याचा अधिकार तिच्याकडे नसून वरिष्ठांकडे असतो. त्यांनी तिचा अहवाल मागवून घेतला आणि एखाद्या वॉर्डात तो महिनाभर आजमावून पाहिला, तर त्याला वेगळा खर्च फारसा येत नाही.