लहरींची दुनिया : लेखांक ९ – खरखरीचा माग

मागच्या आठवड्यात गच्चीवर डायपोल टांगली. आता रिग सुरू करून ७ मेगाहर्ट्झचा बँड लावलात आणि कानावर नुसती खरखर आली, एस-मीटरही ७ वर ठाण मांडून बसला, तर लगेच पुन्हा गच्चीवर धावू नका. अँटेना बहुधा ठीक आहे. तिला ऐकू येतंय ते तुमचंच घर.

या खरखरीचं नुकसान आकड्यांत बघा. एस-९ म्हणजे रिसीव्हरच्या तोंडाशी ५० मायक्रोव्होल्ट. त्याखाली दर पायरीला निम्मे. म्हणजे एस-७ची खरखर साडेबारा मायक्रोव्होल्टची झाली. दूरचा एखादा हॅम दीड मायक्रोव्होल्टनं पोचत असेल, तर तो तिच्याखाली गाडला जाणार. शांत माळरानावर याच अँटेनावर तोच माणूस सहज ऐकू येतो. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण उभी राहिली, तेव्हा मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी असणं हा जागा निवडण्याचा एक निकष होता. आपल्याला फ्लॅट निवडताना ही चैन नसते.

मुख्य आरोपी म्हणजे चार्जर आणि एलईडी दिव्यातला ड्रायव्हर. जुन्या जड ट्रान्सफॉर्मरऐवजी यांत वेगळी युक्ती असते. २३० व्होल्टचा एसी आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतो, मग एक ट्रान्झिस्टर तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर सुपारीएवढा झाला तरी चालतो. पण अशा तुकडे पाडलेल्या विजेच्या कडा धारदार असतात आणि मूळ वारंवारतेच्या प्रत्येक पटीत थोडी थोडी ऊर्जा सांडते. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये ६५ किलोहर्ट्झ ही वारंवारता नेहमी आढळते. तिची १०८वी पट ७०२० किलोहर्ट्झ, पुढची ७०८५, त्यापुढची ७१५०. तिन्ही आपल्याच बँडात! डायल फिरवताना ठरावीक अंतरानं गुरगुर येत असेल, तर आरोपीनं सहीच केली म्हणायची.

ही सांडलवंड अडवायला चार्जरच्या तोंडाशी फिल्टर लागतो: दोन वेटोळ्यांचा एक चोक आणि बहुधा पिवळ्या डबीसारखा दिसणारा कपॅसिटर. मोडलेला स्वस्त चार्जर उघडून पाहा. (प्लगमधून काढून! आणि आतल्या कपॅसिटरला हात लावू नका, तो चार्ज राहिलेला असू शकतो.) पुष्कळदा बोर्डावर चोकची जागा छापलेली असते आणि तिथे चोकऐवजी तारेचा तुकडा डाग देऊन लावलेला असतो. आराखडा करणाऱ्याला अक्कल होती. पैसे नंतर कोणीतरी वाचवले. घरगुती उपकरणांच्या या गोंगाटावर मर्यादा घालायला सिस्प्र ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून काम करते आहे, पण मानक कागदावर असून काय उपयोग, चोक बोर्डावर हवा.

आता माग काढूया. रिग बॅटरीवर घ्या आणि घराचा मेन स्विच बंद करा. इथे आपल्याकडचे निम्मे लोक फसतात, कारण मेन गेला की इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि तो स्वतःच मोठा गोंगाट्या असतो. तोही बंद करा. खरखर गेली तर चोर घरात आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा; काटा उडेल त्या खोलीत शिरा आणि एकेक प्लग काढा.

जवळच्या शोधाला जुना ट्रान्झिस्टर उत्तम. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे लावा आणि हातात धरून हळूहळू फिरवा. आतल्या फेराइट कांडीचं टोक आरोपीकडे वळलं की आवाज पडतो. गोल, सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर असा बरेचदा सापडतो. तो सेकंदाला शंभरदा वीज कापतो, म्हणून त्याची गुणगुण जाडसर असते. कपॅसिटरवाला टप्प्यांचा रेग्युलेटर बसवला की प्रश्न मिटतो.

चार्जरला उपाय फेराइटचा. वायरवर एक क्लिप अडकवून मोकळं होऊ नका. ७ मेगाहर्ट्झवर तिनं फारसं काही होत नाही. मोठी रिंग घेऊन वायरचे ५ वेढे द्या, अडथळा साधारण २५ पट होतो, कारण तो वेढ्यांच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतो. तरीही भागलं नाही तर चार्जर बदला.

मेन आणि इन्व्हर्टर बंद करूनही खरखर राहिली तर बाहेर बघा. कोरड्या हवेत येणारी आणि पावसात गप्प होणारी खरखर बहुधा विजेच्या खांबावरच्या सैल जोडाची असते. तक्रार करताना खांबाचा क्रमांक लिहून द्या. शेजाऱ्याकडे मात्र ट्रान्झिस्टर घेऊन जा, आरोप घेऊन नको. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसतो. २००४ साली अमेरिकेत ऑरेगनमधल्या कॉर्व्हलिस गावी एका विद्यार्थ्याच्या टीव्हीतून १२१.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे संकटसंदेशाच्या वारंवारतेवर, लहरी निघत होत्या. उपग्रहानं त्या टिपल्या आणि शोधपथक थेट त्याच्या दारात उभं राहिलं!

पुढच्या आठवड्यात उलट बाजू: तुमच्या रिगमुळे शेजाऱ्याचा स्पीकर बोलू लागला तर काय करायचं. तोवर येत्या रविवारी मेन स्विचची चाचणी करून पाहा. आधी घरात कोणाचं ऑनलाइन लेक्चर चालू नाही ना, तेवढं मात्र विचारून घ्या.