तिसऱ्या वेचण्यापूर्वी

ओहोटीला खाडीकाठी तिसऱ्या, खुबे वेचणे ही अनेक गोमंतकीय कुटुंबांची सहलही असते आणि जेवणाची बेगमीही. मात्र हे जीव पाणी गाळून अन्न मिळवतात. त्यामुळे सांडपाण्यातील रोगजंतू आणि काही सूक्ष्म शैवालांचे विष त्यांच्या मांसात साठते. नीट शिजवल्याने बहुतेक जंतू मरतात. शैवालांचे विष टिकून राहते. म्हणून नाल्याच्या मुखाशी किंवा पाण्याचा रंग पालटला असताना तिसऱ्या वेचू नयेत. खाल्ल्यावर ओठ, जीभ बधिर झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. लहान तिसऱ्या तिथेच सोडाव्यात. पुढच्या हंगामाचे बीज त्याच असतात. चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात मात्र केवळ निरीक्षण करावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये तेथून परवानगीविना वन्यजीव वा वनोपज नेता येत नाही.