आवाज मोठा नको, स्पष्ट हवा
ज्येष्ठांसाठी हेडफोन आणि स्पीकर निवडताना

सायंकाळच्या बातम्या सुरू झाल्या की अनेक घरांत एक मूक संघर्ष सुरू होतो. आजोबा टीव्हीचा आवाज वाढवतात, घरातील कोणीतरी तो कमी करते, आणि काही दिवसांनी आजोबा बातम्या पाहणेच सोडून देतात. घरातील कलकलाट थांबतो खरा. परंतु एक माणूस संभाषणातून, संगीतातून हळूहळू बाजूला पडलेला असतो. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, पण ज्यांवर उपाय करता येतो अशा घटकांत श्रवणऱ्हासाचा समावेश ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ च्या अहवालात केला आहे. म्हणूनच ज्येष्ठांच्या ऐकण्याच्या साधनाकडे चैनीची वस्तू म्हणून पाहू नये.

‘ऐकू येते, पण कळत नाही’

ही तक्रार हट्टाची किंवा दुर्लक्षाची नसते. वयानुसार अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी झिजतात आणि वरच्या पट्टीतील ध्वनी प्रथम हरवतात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असल्याने कानी पडतात; स, श, फ, ट यांसारख्या व्यंजनांची धार मात्र बोथट होते. मग ‘सात’ म्हटले की ‘साठ’, हेच उमगत नाही. अशा वेळी केवळ आवाज वाढविल्यास स्वर अधिक गडगडतात, व्यंजने तशीच अस्पष्ट राहतात. शिवाय हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा मोठा झाला की असह्य होतो, अशी अनेकांची स्थिती असते. साधन निवडताना म्हणूनच ते किती मोठ्याने वाजते याहून शब्द किती स्वच्छ पोहोचवते, हे पाहावे.

खरेदीपूर्वी तपासणी

प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावा. कित्येकदा साचलेला मळ हेच कारण निघते. तो काढण्यासाठी घरी काडी, पिन वा गरम तेल वापरू नये. त्यानंतर श्रवणतज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करावी. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही सोय आहे. चाचणीत श्रवणयंत्राची गरज दिसली, तर हेडफोन हा त्याला पर्याय नव्हे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. त्यावरील उपचार पहिल्या काही दिवसांतच अधिक गुणकारी ठरतात.

स्पीकर जवळ आणावा

सर्वांत स्वस्त सुधारणा अंतराची आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केल्यास आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. खोलीत हा लाभ काहीसा कमी असला तरी जाणवण्याजोगा असतो. लहान स्पीकर आजींच्या खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवला, तर घरभर गोंगाट न होता त्यांना शब्द कळतात. उघड्या भिंती व फरशी असलेल्या खोलीत आवाज घुमतो. पडदे आणि सतरंजीने तो आवरतो.

पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा मागे किंवा खाली वळलेले असतात. संवाद स्पष्ट करण्याची सोय असलेला साउंडबार घेणे हा त्यावरचा उपाय. ध्वनीच्या सेटिंगमध्ये खर्ज कमी करून वरची पट्टी किंचित वाढवावी. गाण्यांसाठी साधन घेताना मोठी बटणे आणि हाताने फिरवायची खुंटी असलेले निवडावे. गुळगुळीत पडद्यावर थरथरणारी बोटे अडखळतात.

हेडफोन कोणता?

*कानावर बसणारे :* हलके, मऊ गादीचे असावेत. चष्म्यासह अर्धा तास लावून पाहावेत. श्रवणयंत्रावर लावल्यास शिट्टी वाजते का, तेही तपासावे.

*कानात घालायचे :* आटोपशीर असतात. पण सहज हरवतात आणि मळ आत ढकलतात. कान वाहत असल्यास वापरू नयेत.

*हाडांवाटे ध्वनी पोहोचविणारे :* कान मोकळा राहत असल्याने दाराची घंटा ऐकू येते. मात्र अंतर्कर्णाच्या झिजेवर त्यांचा विशेष उपयोग नाही.

*टीव्हीसाठी बिनतारी :* स्टँडवर ठेवताच चार्ज होणारे संच ज्येष्ठांना सोयीचे. साध्या ब्लूटूथवर ओठ आणि शब्द यांत अंतर पडू शकते. ओठ पाहून समजून घेणाऱ्यांना त्याचा त्रास होतो. हेडफोन लावल्यावरही टीव्हीचा आवाज इतरांसाठी चालू राहतो का, हे दुकानातच पाहावे.

अनेक नवी श्रवणयंत्रे फोनशी थेट जोडता येतात. तेव्हा वेगळा हेडफोन घेण्यापूर्वी श्रवणतज्ज्ञांना विचारावे. एका कानाने कमी ऐकू येत असल्यास फोनच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ विभागात ‘मोनो ऑडिओ’ चालू करावा. दोन्ही बाजूंचा ध्वनी चांगल्या कानात येतो, आणि त्यास खर्च काहीच नाही.

पेसमेकर असणाऱ्यांनी विशेष जपावे. हेडफोनमध्ये चुंबक असते. वापरून झाल्यावर ते गळ्यात लटकवू नयेत वा सदऱ्याच्या खिशात ठेवू नयेत; छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावेत.

किती आवाज, किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. पातळी ३ डेसिबलने वाढली की ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती जेमतेम ४ तासांवर येते. घरी मापक नसले तरी आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावा. हेडफोन काढल्यावर कानात गुणगुण होत असेल, तर आवाज जास्त होता असे समजावे. बाहेरचा गोंगाट अडविणारे हेडफोन आवाज कमी ठेवण्यास मदत करतात. परंतु रस्त्यावर किंवा गॅसवर दूध ठेवले असताना ते लावू नयेत.

निवड त्यांचीच

मुले परदेशातून महागडा संच पाठवतात आणि तो कपाटात पडून राहतो, असे पुष्कळदा घडते. शक्य असेल तेथे ज्येष्ठांना दुकानात सोबत न्यावे. गाण्याऐवजी बातम्या किंवा प्रवचन लावून पाहावे, कारण स्पष्टतेची खरी परीक्षा बोललेल्या शब्दांतच होते. बदलून मिळण्याची मुदत विचारून घ्यावी. घरी आणल्यावर पहिला आठवडा रोज थोडा वेळ सोबत बसून जोडणे, चार्ज करणे, आवाज कमी-अधिक करणे शिकवावे. आणि त्यांच्याशी बोलायचे असेल तेव्हा समोर येऊन, हेडफोन काढेपर्यंत थांबून मगच बोलावे.